घड्याळ २,९०० म्हणतं, वजनकाटा मात्र हलत नाही

सर, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडते. तुम्ही अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता. वय ३८, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ रोज साधारण २,९०० कॅलरी खर्च झाल्याचं दाखवतं. खाण्याची नोंद तुम्ही अ‍ॅपमध्ये करता, ती २,२०० च्या आसपास येते. म्हणजे रोज ७०० ची तूट. या हिशेबानं दोन महिन्यांत पाच-साडेपाच किलो उतरायला हवे होते, पण काटा जागचा हलला नाही. घड्याळ चुकतंय, की आपल्या शरीरातच काही बिघाड आहे, आणि महागडं घड्याळ घेतलं तर आकडा बरोबर येईल का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय वहिनींच्या हातातला बँड घरातल्या घरात बारा हजार पावलं दाखवतो, तेही कोडं आहेच.

मी लातूरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन कमी करायला येणारे बरेच जण हल्ली पहिल्या भेटीतच मोबाइल उघडून हाच आकडा दाखवतात. तुमच्या शरीरात बिघाड असण्याची शक्यता मला कमी वाटते. थायरॉइडची तपासणी कधीच केली नसेल तर एकदा करून घ्या, पण त्यावर अडून बसू नका. महाग घड्याळानं हा प्रश्न सुटणार नाही. घड्याळ किती अचूक, हा खरं तर अर्धाच प्रश्न आहे. खर्चाचा आकडा अंदाजाचा आणि खाण्याचा आकडाही अंदाजाचा असताना, त्या दोघांची वजाबाकी करून ताट ठरवायचं का, हा खरा मुद्दा आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. का, ते सविस्तर सांगते.

घड्याळाकडे माहिती येते ती तीन वाटांनी. एक, हाताची हालचाल. दोन, मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताच्या ये-जा करण्यावरून ठोके मोजतो. तीन, पहिल्या दिवशी तुम्ही भरलेलं वय, उंची, वजन आणि स्त्री की पुरुष. कॅलरी मोजणारं असं त्यात काहीच नाही. शरीर किती ऊर्जा वापरतं हे खरोखर मोजायचं तर माणसानं किती ऑक्सिजन घेतला ते मोजावं लागतं. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलरी, असा तो हिशेब. त्यासाठी तोंडावर मुखवटा लावून यंत्राला जोडावं लागतं. रोजच्या जगण्यातला पूर्ण खर्च मोजायचा तर वेगळी पद्धत आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजतात आणि पुढचे आठ-पंधरा दिवस लघवीचे नमुने तपासतात. हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, ऑक्सिजन पाण्यावाटेही पडतो आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. त्या फरकावरून खर्च निघतो. ही पद्धत माणसांवर १९८२ पासून वापरतात, पण ती इतकी महाग आणि किचकट आहे की संशोधनाबाहेर कुणी करत नाही.

आपल्याकडच्या लोकांना मी हे पैसेवारीच्या भाषेत सांगते. नजरअंदाज पैसेवारी म्हणजे उभ्या पिकाकडे बघून बांधलेला अंदाज. मोंढ्यात पोती काट्यावर चढली की खरा उतारा कळतो. घड्याळाचा दिवसाचा आकडा ही नजरअंदाज पैसेवारी आहे.

आता तुमचे २,९०० फोडून बघू. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांचा खर्च चालूच असतो. तो काढायचं एक सूत्र १९९० सालापासून सगळीकडे वापरलं जातं. वजनाला १० ने गुणा, उंचीला ६.२५ ने, दोन्हींची बेरीज करा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुष असेल तर ५ मिळवा, बाई असेल तर १६१ वजा करा. तुमचं उत्तर साधारण १,७०० येतं. कंपन्या आपलं नेमकं गणित उघड करत नाहीत, पण धाटणी अशाच सूत्राची असते. म्हणजे तुमच्या आकड्यातला निम्म्याहून मोठा भाग घड्याळ हातात न घालताही कागदावर निघतो. रात्री बारा वाजता आकडा शून्य होतो आणि सकाळी उठेपर्यंत चार-पाचशे झालेला असतो, तो याच सूत्रातून. त्यामुळे प्रोफाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं वजन असेल, किंवा घड्याळ मुलाच्या नावानं चालू केलेलं असेल, तर पुढचा सगळा हिशेबच वाकडा. ते आजच तपासा.

या सूत्रातही दोन अडचणी आहेत. एकाच वय-उंची-वजनाच्या दोन माणसांचा पडून राहण्याचा खर्च दहा टक्के इकडे-तिकडे सहज असतो. दुसरं म्हणजे ही सूत्रं प्रामुख्यानं पाश्चात्त्य लोकांवरून तयार झाली. त्याच वजनाला आपल्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, म्हणून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांचा मूलभूत खर्च त्या सूत्रांपेक्षा कमी धरत आली आहे. या संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषासाठी २,११० कॅलरी आहेत आणि मध्यम कष्टाच्या पुरुषासाठी २,७१०. तुमचं वजन जास्त, म्हणून तुमचा आकडा बैठ्या कामाच्या आकड्यापेक्षा वर जाणार. पण वर्गावर शिकवणं आणि एक तास चालणं धरूनही २,९०० मला पटत नाही. १,७०० ला १.४ ते १.५ ने गुणलं तर २,४०० ते २,५५० येतात, आणि मी तुमच्यासाठी तिथूनच सुरुवात करेन.

तुमच्या सकाळच्या चालण्याचा हिशेब जरा बारकाईनं बघण्यासारखा आहे. मुकुंदराजांच्या रस्त्यानं तासात पाच किलोमीटर चालता आणि घड्याळ त्याचे ४३० दाखवतं, असं लिहिलंय. सपाट रस्त्यावर चालण्याचा जादा खर्च दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे अर्धी कॅलरी असा ढोबळ असतो. पळण्याचा याच्या दुप्पट. म्हणजे ८२ गुणिले ५ गुणिले अर्धा, २०५. त्या रस्त्याला चढ-उतार आहे म्हणून २३०-२४० धरा. तो तास घरी बसून काढला असता तरी ७० खर्च झाल्याच असत्या. त्या मिळवल्या तरी तीनशेच्या आसपासच. आता खरी गडबड इथे होते. तुमचं खाण्याचं अ‍ॅप घड्याळाला जोडलेलं असेल तर ते हे ४३० तुमच्या दिवसाच्या मर्यादेत जमा करतं आणि ‘अजून एवढं खाऊ शकता’ असं सांगतं. शरीरानं जादा खर्चल्या २३०, तुम्ही परत खाल्ल्या ४३०. चालून आल्यावर तूट वाढायच्या ऐवजी घटली. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी हा जोड बंद करायला लावते. तुम्हीही करा.

ठोक्यांवरून मेहनत ओळखायची पद्धत आपल्या हवेत आणखी घसरते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. अंग थंड ठेवायला हृदय जास्तीचं रक्त कातडीकडे पाठवतं आणि ठोके वाढतात. चालणं तेवढंच, रस्ता तोच, पण घड्याळाला वाटतं माणूस जोरात पळतोय. जानेवारीतल्या आणि मेमधल्या त्याच चालण्याचे आकडे शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. कडक चहा, ताण, कमी झोप, पाणी कमी पिणं यानंही ठोके वाढतात. उलट बीपीसाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधं ठोके वाढू देत नाहीत, आणि त्या माणसाची खरी मेहनत घड्याळाला कमी दिसते. ठोके मोजण्यात चूक झाली नाही तरी ठोक्यांचा अर्थ लावण्यात होते, ती अशी.

वहिनींच्या बारा हजार पावलांचं उत्तर बहुधा परातीत आहे. भाकरी थापताना हात एका लयीत वर-खाली होतो आणि बँडला ते चालणं वाटतं. दहा-बारा भाकऱ्या झाल्या की पावलांची संख्या कशी वर सरकते ते एकदा त्यांनाच बघायला सांगा. कणीक तिंबणं, कपडे घासणं, भजनात टाळ वाजवणं, खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणं, सगळ्यातून थोडीफार पावलं निघतात. पण यावरून घरकामात मेहनत नसते असं कुणी म्हणू नये. उलटी चूकही तितकीच मोठी होते. डोक्यावर हंडा आणि तो धरलेला हात स्थिर, म्हणजे चालणं होतं आणि पावलं मोजली जात नाहीत. खुरपायला बसलेली बाई दिवसभरात फार थोडं सरकते. ऊसतोडीला गेलेला माणूस मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढतो, त्या मोळीचं वजन मनगटावरच्या यंत्राला कळायचा मार्गच नाही. शेतात राबणाऱ्यांना मी घड्याळाच्या आकड्यावरून जेवण कमी करा असं कधीच सांगत नाही, कारण तिथे खर्च कमी दाखवला जाण्याचा धोका जास्त असतो. आणखी एक गोष्ट. वहिनींच्या मनगटावर गोंदण असेल तर शाई हिरवा प्रकाश अडवते आणि ठोके चुकतात. बांगड्यांमुळे बँड सैल फिरत असेल तरीही तेच. बँड दुसऱ्या हाताला, मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, नीट घट्ट बांधून बघा.

हे सगळं माझंच निरीक्षण आहे असं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६० जणांना सात वेगवेगळी मनगटी यंत्रं घालून चालवलं, पळवलं, सायकलवर बसवलं आणि सोबत ऑक्सिजनही मोजला. सातांपैकी सहा यंत्रांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींमध्ये मात्र सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. ती यंत्रं आता जुनी झाली. पण २०२० मध्ये १५८ शोधनिबंधांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही निष्कर्ष हाच होता: पावलं आणि ठोके बरे, कॅलरी कुठल्याही कंपनीच्या भरवशाच्या नाहीत. महाग घड्याळात ठोके जास्त नीट मिळतील, कॅलरींचं अंदाजपत्रक अंदाजपत्रकच राहील. तुमचं आहे ते घड्याळ चांगलं आहे, नवीन घेऊ नका.

आता दुसरी बाजू, खाण्याची. इथे मला जास्त वेळ घालवायचा आहे, कारण तुमचा निम्मा गोंधळ इथेच आहे.

अ‍ॅपमध्ये तुम्ही ‘ज्वारीची भाकरी, २ नग’ असं लिहिता. अ‍ॅपमधली भाकरी कुणी, किती पिठाची केली कुणास ठाऊक. आपल्या घरची भाकरी ८० ते १०० ग्रॅम पिठाची सहज असते, आणि १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३३० ते ३५० कॅलरी असतात. म्हणजे आपली एक भाकरी तीनशेच्या घरात. अ‍ॅपनं तिचे दीडशे धरले असतील तर दोन वेळच्या चार भाकऱ्यांत सहाशेचा फरक पडतो. भाकरी खाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, भाकरी उत्तम आहे. एकदा फक्त पिठाचं वजन करा. स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रिक काटा घ्या, वहिनी एका भाकरीला जेवढं पीठ घेतात तेवढं त्यावर ठेवा आणि तो आकडा कायमचा लिहून ठेवा.

तेलाचं तर कुणी लिहीतच नाही, कारण ते ताटात दिसत नाही. त्यासाठी मी लोकांना एकच विचारते: पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरतो? चौघांच्या घरात तो तीन महिने पुरत असेल तर माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर तेल जातं. एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी, म्हणजे रोजच्या ३७० च्या आसपास. तुम्ही नोंदीत ‘वांग्याची भाजी, १ वाटी’ लिहिता, अ‍ॅप त्याचे ऐंशी-नव्वद धरतं, आणि वर आलेला तेलाचा तवंग हिशेबाबाहेर राहतो. शेंगदाण्याचंही तसंच. कूट प्रत्येक भाजीत, ताटात शेंगाची चटणी, वर येताजाता मूठभर शेंगदाणे. ३० ग्रॅमची मूठ १६०-१७० कॅलरींची असते. स्टाफरूमचा चहा अर्धा कप असला तरी दूध-साखरेसकट साठ-सत्तर होतात, आणि दिवसात चार होत असतील तर त्या चारही नोंदीत यायला हव्यात. धपाटे, सुशीला, येसर आमटी हे आपल्याकडचे पदार्थ तर अ‍ॅपच्या यादीत सापडत नाहीत, म्हणून माणूस जवळचं दिसेल ते निवडतो. यात कुणाचा खोटेपणा नाही. जगभर हेच होतं, लोक खाणं कमीच नोंदवतात, आणि वजन कमी करू बघणारे आणखी कमी.

म्हणून माझा अंदाज असा: घड्याळ तुमचा खर्च चार-साडेचारशेनं वाढवून सांगतंय आणि नोंद तुमचं खाणं दोन-अडीचशेनं कमी सांगतेय. दोन्ही मिळून तुमची ७०० ची तूट कागदावरच राहिली. दोन महिने वजन स्थिर आहे, याचा अर्थ एवढाच की जेवढं खरोखर खाता तेवढंच खरोखर खर्च होतं, बहुधा २,४५० च्या आसपास.

हा आकडा पक्का करायला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त चार आठवड्यांची चिकाटी लागते. सकाळी उठून शौचाला जाऊन आलात की चहाच्या आधी, रोज एकाच काट्यावर, एकाच जागी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एकेका दिवसाच्या आकड्याकडे बघू नका. खारट जेवण, लग्नाची पंगत, एखादा उपवास यानं पाणी किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतं. पायी तुळजापूरला जाऊन आलेल्यांचं वजन दुसऱ्या दिवशी कधी कधी वाढलेलं दिसतं, कारण दमलेल्या स्नायूंत पाणी साठतं. वहिनींना हे करायचं असेल तर पाळीच्या चक्राचा विचार हवा, मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करायची. सोबत खाण्याची नोंद वजन करून, तेलासकट ठेवा. मग एक किलो वजनामागे ७,७०० कॅलरी धरून हिशेब मांडा. समजा २८ दिवस रोज सरासरी २,२५० खाल्लं आणि तेवढ्या दिवसांत वजनाची साप्ताहिक सरासरी एकूण ८०० ग्रॅमनं उतरली. ०.८ गुणिले ७,७०० म्हणजे ६,१६०, भागिले २८ म्हणजे २२०. ते २,२५० मध्ये मिळवा: २,४७०. हा तुमच्या शरीराचा आकडा, तुमच्याच काट्यावर निघालेला. नोंदीत थोडी चूक राहिली तरी रोज सारखीच राहिली तर फार बिघडत नाही, कारण पुढचं जेवणही त्याच मापानं ठरवायचं आहे.

आकडा निघाला की त्यातून तीन-साडेतीनशे कमी करा, त्याहून जास्त नको. साडेतीनशे कमी केले तर महिन्याला सव्वा किलोच्या आसपास उतरतं, आणि ते टिकतं. आधी तेल आणि चहातली साखर कमी करा, मग गरज पडली तर अर्धी भाकरी. डाळ, दही, मटकी, अंडी यांना हात लावू नका. वजन उतरलं की खर्चही थोडा उतरतो, म्हणून दर चार-पाच किलोंनंतर हिशेब पुन्हा मांडा. तुम्ही मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर मात्र जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.

चालण्याकडून अपेक्षा नीट ठेवा. टांझानियातल्या हाडझा या शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा खर्च २०१२ मध्ये त्याच जड पाण्याच्या पद्धतीनं मोजला, तेव्हा अंगकाठी लक्षात घेता तो शहरी अमेरिकनांइतकाच निघाला, आणि हे लोक दिवसभर पायपीट करणारे. शरीर एका बाजूला जादा खर्च झाला की दुसरीकडे हात आखडतं. शिवाय सकाळी तासभर चाललेला माणूस दुपारी जास्त बसतो, तेही आहे. चालणं साखर, रक्तदाब, झोप आणि मनासाठी फार मोलाचं आहे, त्याच्या कॅलरी मात्र ताटात जमा करू नका.

मग घड्याळ काढून ठेवायचं का? नाही. ते स्वतःशी तुलना करायला चांगलं आहे. मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात पावलं वाढली की घटली, सलग किती तास खुर्चीत गेले, झोप किती झाली, आणि सकाळचे निवांत ठोके. नियमित चालणाऱ्याचे निवांत ठोके काही महिन्यांत हळूहळू खाली येतात, आणि तो आकडा मला तुमच्या २,९०० पेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो. दहा हजार पावलांचंही ओझं घेऊ नका. ते १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पाऊलमापकाच्या जाहिरातीतून आलेलं आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: २०१६ मध्ये सुमारे ४७० तरुण अमेरिकनांवरचा दोन वर्षांचा अभ्यास छापून आला. आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन सगळ्यांनाच होतं. नोंद स्वतः भरणाऱ्यांचं वजन सरासरी ५.९ किलो उतरलं आणि यंत्र घालणाऱ्यांचं ३.५.

तर सर, आज अ‍ॅप आणि घड्याळ यांचा जोड बंद करा, प्रोफाइलमधलं वजन बघा, पिठाचं वजन करा आणि तेलाच्या नव्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहा. चार आठवड्यांनी चार साप्ताहिक सरासरी, रोजचं सरासरी खाणं आणि निवांत ठोके एवढं पाठवा. सोबत काही औषधं चालू असतील तर त्यांची नावंही. त्यावरून पुढचं ताट आपण बसवू.